शिशातलं कथील

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती आणि तिच्या गोळ्या मी ओतायची. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या काठीकडे बघतो, मग चष्म्याकडे, आणि म्हातारीच्या डोक्यात काहीतरी घोळ झालाय असं समजून विषय बदलतो. माझा नातू तर अजून मानत नाही. त्याचं म्हणणं, त्या काळी मुलींना शाळेत पाठवत नव्हते, मग शिसं वितळवायला कोण देणार? त्याला काय सांगायचं! शाळेत पाठवत नव्हते म्हणूनच तर मी दिवसभर घरी होते. माझे दोघं भाऊ इतके लहान होते की त्यांच्या हाती तापलेली पळी दिली असती तर त्यांनी आधी एकमेकांना भाजून घेतलं असतं. एकदा मी चिमणीत रॉकेल ओतत होते आणि बाबा जवळ बसून विडी ओढत होते. डब्यातून सरळ त्या बारीक तोंडात धार सोडली, थेंबही बाहेर गेला नाही. बाबा मायला म्हणाले, "इंदीचा हात हलत नाई." दुसऱ्या दिवसापासून शिशाचं काम माझ्याकडे आलं. माझ्यावर कुणी टाकलेला तो पहिला भरवसा. त्या भरवशाचं मी काय केलं, ते आज लिहून ठेवायचं आहे. ज्यांना वाईट वाटलं असतं ती दोन्ही माणसं आता नाहीत.

आमचं गाव दुसरबीडहून पायी दीड-दोन तासांवर. घर गावाच्या कडेला, आणि घराला लागूनच विहीर आणि भाजीचं वावर. वांगी, मिरच्या, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे येईल ते. सकाळी जाग यायची ती मोटेच्या चाकाच्या कुरकुरण्यानं. मग बाबांचं बैलांशी बोलणं, आणि थारोळ्यात पाणी धबकन पडल्याचा आवाज. बैलांशी ते जेवढं बोलायचे तेवढं आमच्याशी बोलत नसत, आणि बैल त्यांचं आमच्यापेक्षा जास्त ऐकायचे हेही खरं. माय जुड्या बांधायची. साखरखेर्ड्याच्या बाजाराचा दिवस आला की आदल्या संध्याकाळी सगळं अंगण हिरवं व्हायचं आणि आमच्या बोटांना आठवडाभर मेथीचा वास राहायचा. चांगला माल बाजारात, वाकडंतिकडं वांगं आमच्या चुलीत. भरीत, भाकर, ठेचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरीत. लहानपणी मी वांग्याला इतकी विटले होते की लग्न होऊन लोणारला आले तेव्हा सासूला पहिल्याच दिवशी सांगितलं, मला बाकी काहीही चालेल. आता मात्र तसं भरीत मिळावं म्हणून जीव तळमळतो, आणि ते गॅसवर होत नाही.

विहिरीच्या खालच्या अंगाला आमचा हरभरा असायचा, आणि हरभऱ्याच्या पुढे उघडा माळ. माळावर काळविटांचे कळप. थंडीत हरभरा वीतभर झाला की ते दिवस उगवायच्या वेळेला खाली उतरायचे आणि शेंडे खुडून न्यायचे. बघायला फार सुंदर, पण ज्याचा हरभरा असेल त्यानं बघू नये. बाबांकडे पिकाच्या राखणीची बंदूक होती, लायसन होतं, आणि तेव्हा हरीण मारायला आजच्यासारखी मनाई नव्हती. नंतर कायदा आला. आता कुणी असं काही करायला गेला तर तो थेट तुरुंगात जाईल, आणि जावाच. माझ्या भाचेसुनेच्या वावरात आजही कळप येतात. ती कपाळाला हात लावते आणि मी ओट्यावर बसून ती हरणं डोळे भरून बघते. दोघींचंही बरोबर आहे.

बाबा हौशी शिकारी नव्हते. थंडीच्या मोसमात दोन, फार तर तीन हरणं, आणि प्रत्येकाला एकच गोळी. आजूबाजूच्या गावांत त्यांना 'एका गोळीचा माणूस' म्हणत. बाबा तोंडानं कधी त्याबद्दल बोलत नसत, पण कुणी तसं म्हटलं की त्यांच्या मिशीला जे काही व्हायचं ते आम्हाला दिसायचं. वावरात जाताना ते दोनच गोळ्या नेत, एक नळीत आणि एक पटक्याच्या शेवात. ती दुसरी बहुतेक वेळा तशीच घरी परत यायची. हरीण आलं की माय अंगणात वेगळी चूल मांडायची. ती स्वतः माळकरी, मटणाला तोंड लावत नसे, पण रस्सा तिच्यासारखा पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हता. मीठ चाखून बघायची सोय नाही, म्हणून ती वाफेवर नाक धरायची आणि म्हणायची, "अजून चिमूटभर." कधी चुकली नाही. चार घरी वाटे जायचे. आम्ही पोरं ज्वारीच्या कण्यांवर तो लालभडक रस्सा घेऊन नाकाडोळ्यांतून पाणी गाळत जेवायचो.

आता गोळीच्या वजनाचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. काडतुसाच्या बंदुकीला गोळी कारखान्यातून ठरून येते. ठासणीच्या बंदुकीत तसं नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग तेलात भिजवलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली गोळी, आणि गजानं ठासायचं. गोळी केवढी आणि किती वजनाची, हे मारणाऱ्यानं ठरवायचं. बाबांकडे दोन साचे होते, मोठा आणि धाकटा. शेजारच्या वावराचे किसनकाका, बाबांचे लंगोटीयार, म्हणायचे की हरणाला धाकटीच गोळी बरी. हलकी गोळी सरळ जाते, लांब जाते, आणि एवढ्याशा जनावराला लागते कशाला मोठी? बाबांचं उलट होतं. धाकटी गोळी हरणातून सुईसारखी आरपार जाते आणि हरीण तसंच पळत सुटतं. मग ते कुठल्या तरी नाल्यात दोन दिवसांनी मरतं आणि मारणाऱ्याला कळतही नाही. जड गोळी लवकर खाली झुकते हे खरं, म्हणून जवळ जायचं, वाट पाहायची, आणि मऊ शिशाची जड गोळी मारायची. ती आत गेल्यावर पसरते आणि जनावर जागीच बसतं. "हरीण लहान हाय किसना," बाबा म्हणायचे, "त्याचं मरण लहान नाई." किसनकाका म्हणायचे, "तू बंदूक ठेव अन् कीर्तन कर." हे बोलणं दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी तिथंच संपायचं.

दारूला मी हात लावायचा नाही, हा नियम होता. तिचा डबा बाबांच्या ताब्यात. शिसं माझं. बाभळीचे निखारे फुलवायचे, लोखंडी पळीत शिशाचे तुकडे टाकायचे, वर येणारी राखेसारखी मळी काडीनं बाजूला सारायची, आणि साच्याच्या भोकात एका दमात ओतायचं. माय लांबून ओरडायची, "तोंड फिरव वं, धूर घेऊ नको!" आणि काम झालं की मला जबरदस्तीनं वाटीभर दूध प्यायला लावायची. साचा लाकडाच्या तुकड्यानं ठोकला की गोळी गोणपाटावर टप्पकन पडायची. थंड झाली की सोनाराच्या छोट्या तराजूत एका पारड्यात गोळी, दुसऱ्यात बाबांनी घासून बरोबर केलेला पितळेचा तुकडा. चार-पाच गुंजांचा फरक असला तर चालायचं. त्याहून हलकी निघाली तर तिच्या पोटात हवा राहिली असं समजायचं आणि पुन्हा पळीत टाकायची. "दारू माही ठरेल, नेम माहा ठरेल," बाबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ते दोनी या वजनावर बसवेल हायेत. वजन हाललं का समदं हाललं."

पहिली दोन वर्षं ते माझी प्रत्येक गोळी स्वतः पुन्हा जोखायचे. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी जोखणं सोडलं. नुसतं विचारायचे, "वजन बराबर हाय?" मी म्हणायचे, "हाव." आणि ते गोळ्या कापडाच्या थैलीत टाकायचे. मला त्या 'हाव'चा काय अभिमान! विहिरीवर पाणी भरायला आलेल्या पोरींना मी आडून आडून सांगायची की आमच्याकडे बंदुकीचं काम मीच बघते. त्यांच्या आया म्हणायच्या, या पोरीचं लग्न कठीण आहे.

फक्त एक दुखणं होतं. माझ्या गोळ्या सुरकुतायच्या. शिसं साच्यात नीट पसरायच्या आधीच गोठायचं आणि गोळीवर म्हाताऱ्याच्या हातासारख्या वळ्या पडायच्या. दहा ओतल्या तर चार-पाच परत पळीत. त्याच सुमारास बशीरचाचा कल्हईवाले गावात आले. वर्षातून एकदा यायचे, पिंपळाखाली भट्टी लावायचे. मी आमची पातेली घेऊन गेले आणि आपलं दुखणं त्यांना सांगितलं, कारागिरानं कारागिराला सांगावं तसं. ते हसले. "बेटी, शीशे में थोडा कथील डाल. पानी के माफिक बहता है." आणि त्यांनी मला कथलाची नखाएवढी कपची दिली. नखाएवढी! माझं समाधान झालं नाही. मी घरून ओटीत वांगी भरून आणली आणि त्यांच्याकडून सुपारीएवढा गोळा घेतला. तो सगळा त्या दिवशी पळीत टाकला. कमी टाकून थोडं जमत असेल तर जास्त टाकून पूर्ण जमेल, हा हिशेब मी स्वयंपाकात तेलाच्या बाबतीतही खूप वर्षं केला आहे.

आणि काय गोळ्या पडल्या! आरशासारख्या. एक वळी नाही, एक खड्डा नाही. मी त्या उन्हात मांडून बराच वेळ नुसती बघत बसले. मग तराजूत टाकल्या. गोळीचं पारडं वर. बारा-पंधरा गुंजा हलकी. दुसरी टाकली, तीही तेवढीच. सगळ्या तेवढ्याच. कथील शिशाहून हलकं असतं आणि त्यानं शिसं कडक होतं, हे मला कोण सांगणार? मला एवढंच कळत होतं की हलकी गोळी म्हणजे आत हवा, आणि या गोळ्यांत हवा असूच शकत नाही, इतक्या त्या छान दिसत होत्या. म्हणजे तराजूचंच काहीतरी बिघडलं असणार. खरं सांगायचं तर तराजू बिघडला नाही हेही मला आत कुठेतरी ठाऊक होतं. पण त्या मोडायला हात होईना. संध्याकाळी बाबा आले, गोळ्या ओंजळीत घेतल्या, आणि त्यांच्या तोंडावर असं कौतुक आलं की मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "वजन बराबर हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "हाव."

चार दिवसांनी मी सकाळी सकाळी वांगी तोडायला गेले होते. बाबा हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीला टेकून, बंदूक दगडावर ठेवून बसले होते. पलीकडे किसनकाका आपल्या राखणीच्या माळ्यावर चढले होते, गोफण हातात. धुकं निवळत होतं. कळप उतरला. पुढे माद्या आणि मागे तो काळा नर, शिंगं मागं टाकून चालणारा. बाबांनी त्याला इतका जवळ येऊ दिला की मलाच श्वास धरून धरून चक्कर यायला लागली. मग आवाज झाला. धूर झाला. नर गुडघ्यावर बसला आणि मी मनात म्हटलं, झालं. पण तो उठला. उठला आणि लंगडतही नाही असा, सरळ माळाकडे धावत सुटला. किसनकाका माळ्यावरून ओरडले, "अरे, गेलं ना बे! तुह्याकडून गेलं?" बाबा उठले. ते जागेवर उभे राहून आपल्या बंदुकीकडे बघत होते.

आमच्याकडे एक रीत होती, बाबांच्या बापापासूनची. जखमी जनावर मागे टाकून भाकर खायची नाही. ते सापडेपर्यंत चालायचं. बाबांनी पटका आवळला. मी भाकरीचं फडकं घेऊन मागे निघाले. त्यांनी मला परत जा म्हटलं नाही, बहुधा मी मागे आहे हेही त्यांच्या लक्षात नसावं. हरभऱ्याच्या पानांवर रक्ताचे थेंब होते, मग माळावरच्या कुसळी गवतावर, मग एखाद्या दगडावर. बाबा वाकून वाकून बघायचे. एका ठिकाणी गवत दबलं होतं. "इथं बसलं होतं," ते म्हणाले. "मंग आपला आवाज आईकला अन् उठलं." पुढं थेंबातलं अंतर वाढत गेलं. टेकड्यांच्या बाजूनं दोन नाले ओलांडले, काटेरी रानातून गेलो, माझा परकर फाटला. ऊन वर आलं. फडक्यातल्या भाकरीचा वास येत होता आणि मी तो वास येऊ नये म्हणून फडकं दूर धरत होते. जखमेतून रक्त कमी येतं म्हणजे ते बरं होईल, असं मी एकदा म्हणाले. बाबा म्हणाले, "नाई. म्हणजे हळू मरेल."

दुपारी एका पळसाखाली बाबा बसले. त्यांनी आपला तळहात तोंडासमोर धरला. जवळ आणला, लांब नेला. एक डोळा मिटला, मग दुसरा. मला आधी कळेना ते काय करतायत. मग ते म्हणाले, "इंदे, नजर गेली वं माही." अगदी साध्या आवाजात, पाऊस गेला म्हणावं तसं. "म्या खांद्यामागं धरलं होतं. गोळी वर गेली, पाठीच्या मासातून. असं कधी झालं नाई. एवढं जवळ होतं, लहान पोरगंबी चुकलं नसतं." थोड्या वेळानं म्हणाले, "हे एक हुडकू, अन् मंग लायसन देऊन टाकतो. दिसत नाई त्या माणसानं मुक्या जनावरावर बंदूक धरू नये." मी त्यांच्याकडे बघितलं. सकाळी घरून निघालेला माणूस आणि हा माणूस यांच्यात दहा वर्षांचं अंतर होतं. खांदे उतरले होते. ते आपल्याच हाताच्या रेषा मोजल्यासारखे बघत बसले होते, आणि त्यांना त्या चांगल्या दिसत होत्या, हे मला ठाऊक होतं.

मला काय वाटलं ते खोटं न लिहिता सांगते. पहिल्यांदा मनात आलं ते माझं काम. सांगितलं तर पळी जाणार, साचा जाणार, तराजू जाणार. मग मी उरणार नुसती मेथीच्या जुड्या बांधणारी, लग्नाला आलेली पोर. बाबांची बंदूक जाईल तर जाईल, पण माझं नाव राहील, असंही क्षणभर वाटून गेलं. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. मग बाबांनी पुन्हा एकदा हात तोंडासमोर धरला, आणि माझं धाडस नाही, रडू फुटलं. रडत रडत सगळं सांगितलं. कथील, वांगी, तराजू, आणि तो 'हाव'.

बाबांनी सगळं ऐकलं. पटका सोडला, शेवातली दुसरी गोळी काढली, तिच्यावर नख ओढलं. शिशावर नखाची रेघ उठते; हिच्यावर काही उठलं नाही. त्यांनी ती दाताखाली धरली. तळहातावर दोन-तीनदा उडवली. आणि मग ते हसायला लागले. मी मार खायच्या तयारीत डोळे मिटून बसले होते, तर हा माणूस पळसाच्या बुडाला टेकून हसतोय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे नजर शाबूत हाय माही!" ते म्हणाले. "हाय ना वं? शाबूत हाय!" मग हसणं थांबलं आणि त्यांनी त्या टेकड्यांकडे बघितलं, जिकडे नर गेला होता. मला जवळ बोलावलं, गोळी माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ बंद केली. "हलकी गोळी वाईट नसते इंदे. हलक्या गोळीनंबी काम होते. पण ते हलकी हाय, हे मारणाऱ्याले ठाऊक पायजे. तू मले सांगतलं असतं तर म्या चार बोटं खाली धरलं असतं." यापेक्षा जास्त ते रागावले नाहीत. आयुष्यात नंतर मी पुष्कळ मोठमोठ्या लोकांची बोलणी खाल्ली, एकाचीही या चार वाक्यांइतकी आठवण राहिली नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा तो सापडला. नाल्याच्या वळणावर करंजाखाली बसला होता, मान वर, आणि आमच्याकडेच बघत होता. उठायचं त्राण नव्हतं. बाबांनी लांबच थांबून बंदूक भरली. माझ्या मुठीत होती तीच हलकी गोळी घेतली, दुसरी नव्हतीच. गोळीभोवती कपडा जाड गुंडाळला. मला म्हणाले, "मले आता ठाऊक हाय हे कशी हाय." मग ते पोटावर सरपटत गेले, इतके जवळ की मला वाटलं आता ते हातच लावतील. नेम किती खाली धरला ते मला मागून दिसत होतं. एकच आवाज झाला आणि त्याची मान हळूच गवतावर टेकली. बाबा त्याच्याजवळ बसले आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "आता भाकर काढ." आम्ही दोघांनी तिथंच बसून वाळलेली भाकर आणि ठेचा खाल्ला. मी आजवर एवढं गोड काही खाल्लेलं नाही, आणि ते गिळताना मला रडू येत होतं हेही खरं.

हरीण करंजाखालीच ठेवून परत येताना, दुसरा बार ऐकलेले किसनकाका गावाच्या शिवेवर दोन माणसं घेऊन उभे होते, हरीण उचलायला. चार बायकाही होत्या, आणि घाबरलेली माय. किसनकाकांनी संधी सोडली नाही. "काय बे, एका गोळीचा माणूस! आज दोन गोळ्या अन् अख्खा दिवस? काऊन, काय झालं?" सगळे हसले. मी बाबांच्या पाठीआड सरकले. आता ते सांगतील, आणि का सांगू नयेत? दुपारी ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस म्हातारा होऊन बसला होता, ती गोष्ट खोटी निघाली होती, आणि ती सांगायला एका वाक्याचं काम होतं. बाबांनी खांद्यावरची बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेतली. "वय झालं किसना," ते म्हणाले. "नजर हालली."

एवढंच. आणि ते पुढे चालायला लागले. 'एका गोळीचा माणूस' त्या संध्याकाळी संपला. पुढं लग्नकार्यात, बाजारात, पारावर, किसनकाका ती गोष्ट मीठमसाला लावून सांगायचे आणि बाबा सगळ्यांबरोबर हसायचे. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चकाकत्या गोळ्या त्यांनी विहिरीत टाकल्या, आणि बाजारातून येताना नवं शिसं आणून माझ्यापुढं ठेवलं. पळी माझीच राहिली, तराजूही. पुढं लग्न झालं, सासरी लिहायला-वाचायला शिकले, नोकरी केली, अंगणवाडीत तीस पोरांचा खाऊ रोज मापून वाटला. मापात कधी कुणाला फसवलं नाही, याचं लोक कौतुक करतात. ते कौतुक माझं नाही. एखाद्याची चूक आपल्या अंगावर घ्यावी आणि पुन्हा त्याच्याच हातात काम द्यावं, असं माझ्यासाठी एका माणसानं केलं होतं. देवानं मला खूप काही दिलं नाही, पण हा बाप दिला, आणि तेवढ्यानं माझं भागलं.

बाबांना मात्र त्या एका वाक्याची शिक्षा झाली, कारण मायनं ते वाक्य ऐकलं होतं. नजर गेली म्हणजे काय! तिनं त्याच दिवशी हिरडा, बेहडा, आवळकाठी कुटली, मातीच्या गाडग्यात भिजत घातली, आणि पुढचे दोन महिने रोज सकाळी बाबांना अंगणात बसवून त्या पाण्यानं डोळे धुवायला लावले. पाणी ओतायचं काम माझं, कारण माझा हात हलत नव्हता. पुढच्या थंडीत बाबांनी एका गोळीत हरीण आणलं तेव्हा मायनं गल्लीभर सांगितलं, "माह्या त्रिफळ्यानं त्यायची नजर परत आली." बायका तिच्याकडे औषध मागायला यायला लागल्या. शेवटपर्यंत तिचा तो मोठा मान होता आणि बाबांनी त्याला कधी धक्का लावला नाही.

पण ते पाणी फार झोंबायचं. डोळ्यांत जाळ पडल्यासारखं ते तोंड वाकडं करायचे. पहिल्या आठवड्यातच एका सकाळी मला राहवेना. माय चुलीपाशी होती. मी तांब्या थांबवला आणि हळूच म्हणाले, "बाबा, सांगून टाकू का मायले?"

त्यांनी लालभडक झालेला एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"पाणी टाक, इंदे," ते म्हणाले, आणि पुन्हा मान वर केली.